सन कोरलसाठी फ्रोझन मायसिस: सोलापुरात ८ महिने वापरून

५ पैकी साडेचार. अर्धा मार्क पॅकिंगचा कापलाय, मायसिसचा (कोळंबीसारखा बारीक जीव, गोठवून विकतात) नाही.

माझ्याकडे खाऱ्या पाण्याच्या टाकीत सन कोरल या प्रवाळाची मुठीएवढी केशरी कॉलनी आहे, मोजून ३४ तोंडं. बाकीच्या बऱ्याच कोरलच्या अंगात उजेडावर अन्न बनवणारं शेवाळ असतं ते याच्यात नसतंच, म्हणजे लाईट कितीही भारी लावा याचं पोट भरणार नाही, जे मिळेल ते तोंडानंच खाणार आणि तेही प्रत्येक तोंडाला वेगळं भरवायला लागतं.

सुरुवातीला मला पावडरचं कोरल फूड मिळालं होतं. ते बारीक तोंडाच्या कोरलला ठीक आहे ओ, पण याला घास लागतो घास! सगळी पावडर पाण्यात उडाली, शेवाळाला खत ठरणारं फॉस्फेट वाढलं, काच हिरवी झाली आणि कॉलनीचं मांस मागं सरकून पांढरा सांगाडा दिसायला लागला, तेव्हा लई वाईट वाटलं.

मग पुण्याहून मायसिस मागवला. आता आठवड्यातून ३ रात्री, टाकीचा लाईट बंद झाल्यावर, मायसिसचा गोठलेला क्यूब वाटीभर टाकीच्याच पाण्यात सोडतो, त्यातलं थोडं पाणी कॉलनीवर टाकतो, वास लागला की १५-२० मिनिटांत झेंडूसारखे पिवळे गोंडे फुलतात. तोवर उरलेला मायसिस चहाच्या गाळणीत धुवून घ्यायचा, नाहीतर ते गढूळ पाणी सगळं टाकीत जातं. पंप बंद करून सिरिंजनं एकेका तोंडावर एक-दोन ठेवायचे. मासे आणि कोळंबी तोंडातला घास ओढून नेतात, म्हणून पाण्याची बाटली अर्धी कापून वर पालथी घालतो आणि अर्धा तास तशीच ठेवतो. ब्राइन श्रिम्पही (हाही कोळंबीसारखाच बारीक जीव) देऊन बघितला, पण त्यात दम नाही.

आता कॉलनीच्या कडेला ५ नवीन तोंडं फुटलीत!

तक्रार एवढीच की मे महिन्यात माल हुतात्मा एक्स्प्रेसनं आला, थर्माकोलच्या डब्यात बर्फ कमी होता, घरी येईपर्यंत सगळं मऊ. असला मायसिस परत गोठवला की पेज होते, गाळणीत काही उरत नाही. सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ पर्यंत जातो, त्यामुळं फेब्रुवारीतच साठा करा, आणि फ्रीझरमध्ये वेगळा घट्ट झाकणाचा डबा ठेवा, आमच्या आईनं त्याच अटीवर परवानगी दिलीय.

एवढं खाणं टाकीत गेलं की नायट्रेट वाढणारच, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) पाहिजेच आणि दर आठवड्याला १५ टक्के पाणी बदलायला लागतं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून मी आरओचं पाणी भरून, मीठ कालवून एक ड्रम कायम तयार ठेवतो.

आणि कोरल घेताना आयातीची कागदपत्रं मागाच. आपल्या समुद्रातल्या कठीण कोरलला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, कुणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका.