कॅनवर उभी केलेली कोंबडी की बिअरमध्ये मुरवलेली? ग्रिल पेटवण्याआधी ठरवा

"दादा, शनिवारी दहा माणसं जेवायला आहेत. ग्रिल आणलाय, बिअर आणलीय. कोंबडी कॅनवर उभी करू की बिअरमध्ये मुरवू?" न्यू जर्सीहून मावसभावाचा फोन आला, तेव्हा मी त्याला थोडक्यात उत्तर दिलं. फोन ठेवल्यावर वाटलं, हे नीट लिहायला हवं. ह्यूस्टनला काढलेल्या सहा वर्षांत मी हे दोन्ही प्रकार भरपूर केले, आणि पुण्याला परतल्यावर परिस्थितीनं तिसरा शिकवला. तिन्ही खायला चांगले लागतात. फक्त बिअर कुठे खरंच कामाला येते आणि कुठे नुसती बसून राहते हे कळलं, की निवड सोपी होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो: बिअर कोंबडीत ठेवण्यापेक्षा कोंबडी बिअरमध्ये ठेवा.

कॅनवर उभी केलेली

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बार्बेक्यू स्पर्धांमधून ही पद्धत 1990 च्या दशकात घराघरांतल्या अंगणांत पोचली. बिअरचा कॅन अर्धा रिकामा करायचा, मसाला चोळलेली अख्खी कोंबडी त्यावर बसवायची, दोन तंगड्या आणि कॅन अशा तिपाईवर ती ग्रिलवर उभी राहते. निखारे दोन्ही कडांना, कोंबडी मधोमध, वर झाकण. दोन किलोच्या आतबाहेरची अमेरिकन कोंबडी 350 अंश फॅरनहाइटच्या आसपास सव्वा ते दीड तासात होते. झाकण उचलल्यावर जे दिसतं ते खरोखर देखणं असतं. पाठ, पोट, मांड्या, सगळीकडे एकसारखा तांबूस रंग, आणि लहान मुलं भोवती गोळा झालेली.

सांगितलं असं जातं, की बिअर आतून उकळते आणि तिची वाफ मांसात शिरून ते ओलसर ठेवते. मी एकदा कॅनमध्ये मोजून 180 मिली बिअर ठेवली. दीड तासानं कोंबडी उतरवली, कॅन चिमट्यानं बाहेर काढून मापाच्या कपात ओतला. पातळी जवळजवळ तिथेच होती, वर चरबीचा पिवळसर तवंग तेवढा आलेला. बोटानं चाखून पाहिलं तर कोमट बिअर आणि कोंबडीचं पाणी, दुसरं काही नाही.

कारण सरळ आहे. कोंबडी खायला सुरक्षित होते 165 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 74 सेल्सिअसला. बिअर उकळायला 100 सेल्सिअसच्या जवळ जावं लागतं, आणि कॅनच्या चारी बाजूंनी थंड मांसाची भिंत असते. आग बाहेर, कॅन आत. बिअर उकळेपर्यंत थांबायचं ठरवलं तर छातीचं मांस कधीच चोथा झालेलं असेल.

वाफेवर शिजलेली कोंबडी काय असते, हे अलिबाग-पेणच्या बाजूला थंडीत पोपटी खाल्लेल्या माणसाला सांगायला नको. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, मसाला लावलेली कोंबडी. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याची आणि शेंगांची वाफ आतच कोंडते, म्हणून मांस रसरशीत होतं. कॅनच्या कोंबडीला वाफ कोंडणारं मडकंच नाही. जी काही थोडी वाफ होते, ती मानेच्या भोकातून निघून जाते.

मग या पद्धतीत चांगलं काहीच नाही का? आहे. कोंबडी उभी असल्यामुळे चरबी खाली निथळते, गरम हवा सगळीकडून फिरते आणि कातडी छान कुरकुरीत होते. पण हे काम उभं राहण्याचं आहे, बिअरचं नाही. बाजारात कोंबडी उभी करायचे स्टीलचे स्टँड मिळतात, त्यावरही हेच होतं. मी स्टँडच वापरा म्हणेन. कॅनला आतून प्लॅस्टिकचं अस्तर आणि बाहेरून छपाईची शाई असते, आणि दोन्ही ग्रिलच्या आचेसाठी बनवलेली नसतात. शिवाय कलंडायची भीती. माझी एक कोंबडी झाकण सरकवतानाच आडवी झाली, बिअर निखाऱ्यांवर सांडली आणि उडालेली राख सगळ्या कातडीला चिकटली. बारा जणांच्या जेवणाची वेळ होती. तेव्हापासून कॅन उतरवताना मी कुणाला तरी हाताशी घेतो. गरम बिअर मनगटावर आली तर चांगलंच भाजतं.

मिठाच्या बिअरमध्ये मुरवून, चपटी करून

इथे बिअरला खरं काम मिळतं. मांसात खोलवर शिरतं ते मीठ. मसाला, लसूण, बिअरचा वास हे सगळं वरच्या काही मिलिमीटरांत थांबतं. त्यामुळे मीठ आत जाऊन पाणी धरून ठेवतं, आणि बिअरमधली माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) साखर बाहेरच्या थरात राहून कातडीला रंग आणते.

माझं माप असं: 355 मिलीचे दोन कॅन बिअर, पाणी घालून एकूण 2 लिटर, त्यात 100 ग्रॅम मीठ आणि मूठभर गूळ. मीठ चमच्यानं मोजू नका, वजन करा. जाड्या आणि बारीक मिठाचा एक चमचा वजनाला सारखा भरत नाही. थोड्या पाण्यात मीठ-गूळ गरम करून विरघळवायचं, ठेचलेला लसूण, मिरी आणि तमालपत्र टाकायचं, पूर्ण थंड झाल्यावर बिअर ओतायची. फेस बसू द्यायचा. कोंबडी बुडवून फ्रीजमध्ये 8 तास, जास्तीत जास्त रात्रभर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरलात तर ती खारट लागेल.

अमेरिकेत एक गोष्ट जरूर बघावी. तिथल्या बऱ्याच कोंबड्यांना आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं आणि लेबलावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांनुसार तयार केलेल्या कोंबडीलाही मीठ लागलेलं असतं. अशी कोंबडी मिठात मुरवायची नाही, तिला तिसरा प्रकार बरा.

मुरली की बाहेर काढून कागदानं टिपायची, मजबूत कात्रीनं कण्याच्या दोन्ही बाजूंनी कापून कणा काढायचा, कोंबडी उलटी करून छातीच्या हाडावर तळहातानं जोर द्यायचा. 'कट्' असा आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी उघडी पडते. आता तशीच, काही न झाकता, दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवायची. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग कातडी रबरासारखी झाली म्हणतात. कातडी हाताला कागदासारखी कोरडी लागली पाहिजे.

ग्रिलवर निखारे एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, मांड्या निखाऱ्यांकडे आणि छाती दूर. चपटी करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. मांडीला जास्त आच हवी असते, ती 175-180 फॅरनहाइटला मऊ होते, तर छाती 165 च्या पुढे सुकायला लागते. उभ्या कोंबडीत दोन्ही एकाच वेळी साधणं अवघड जातं, चपटीत आपोआप साधतं. 400 फॅरनहाइटला झाकण लावून 45-50 मिनिटं, शेवटची चार-पाच मिनिटं कातडी निखाऱ्यांवर. थर्मामीटर हवाच. हाडाला न टेकवता मांडीच्या सगळ्यात जाड भागात घालायचा.

वेळ जवळजवळ अर्धा आणि मांस दोन दिवसांनीही रसाळ. दिसायला मात्र ती कॅनवरच्या कोंबडीइतकी दिमाखदार नाही, हे मान्य.

तुकडे करून

पुण्या-मुंबईत किंवा पणजीत करणार असाल तर वरच्या दोन्ही पद्धतींची गाडी पहिल्याच पायरीवर अडते. चिकनच्या दुकानात कोंबडी सोलूनच मिळते, कातडीसकट हवी असेल तर आधी सांगावं लागतं. आपली कोंबडी लहान, किलो-सव्वा किलोची. बिअरचा कॅन बहुधा 500 मिलीचा, उंच, तिच्या पोटात मावत नाही. आणि गच्चीवरचा ग्रिल बऱ्याचदा उघडा, झाकणच नसतं. झाकणाशिवाय अख्खी कोंबडी बाहेरून करपते आणि हाडाजवळ लाल राहते.

म्हणून तंगड्या आणि मांड्या आणा, प्रत्येकीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. आलं-लसूण, काश्मिरी मिरची पूड, हळद, मीठ, थोडं मोहरीचं तेल आणि कपभर बिअर, 4 तास फ्रीजमध्ये. बिअर आंबट असते, पण लिंबाच्या मानानं पुष्कळ सौम्य, त्यामुळे मांस पिठूळ होत नाही. दही घालणार असाल तर बिअर निम्मी करा. पातळ झालेला मसाला जाळीतून गळून जातो. भाजताना आधी कमी आचेच्या बाजूला, मग निखाऱ्यांवर खरपूस.

वरून लावायला वेगळी बिअर आटवा: एक कप बिअर, दोन चमचे गूळ, थोडं व्हिनेगर (गोव्यात असाल तर माडाचं), निम्मं होईपर्यंत. शेवटच्या पाच मिनिटांतच लावा, नाहीतर गूळ जळतो. कच्ची कोंबडी मुरलेलं पाणी न उकळता वरून कधीही लावू नका.

उघड्या निखाऱ्यांवर चरबी पडून जो धूर होतो, त्यानं घातक द्रव्यं मांसावर बसतात. 2014 मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो इथल्या संशोधकांनी डुकराचं मांस 4 तास बिअरमध्ये मुरवून कोळशावर भाजलं. काळ्या बिअरमुळे ही द्रव्यं निम्म्याहून कमी झाली, साध्या पिल्सनरमुळे (ही फिकट रंगाची बिअर) बरीच कमी घट दिसली. प्रयोग कोंबडीवर नव्हता, तरी काळी बिअर हाताशी असेल तर मी तीच घेतो, आणि चवीलाही ती उजवी.

कोणती बिअर, आणि कोण जेवायला आहे

मुरवायला साधी लागर (नेहमीची फिकट, हलकी बिअर) किंवा गव्हाची बिअर चालते. आटवायला काळी. कडवट आयपीए कशालाच नको: आटवली की तिच्यातल्या हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा दाट होतो आणि गुळानंही तो जात नाही. महागडी बिअर ग्लासातच राहू द्या.

पाहुण्यांत दारू न घेणारे असतील तर त्यांना आधी सांगा. शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावर साधारण 35 टक्के आणि तासाभरानं 25 टक्के अल्कोहोल उरतं. कोंबडीच्या एका तुकड्यात मुळात बिअरच थोडी असते, त्यामुळे ते प्रमाण फार कमी. पण खायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं. घरात मुलं असतील तर मी अल्कोहोल नसलेली बिअर वापरतो. माल्ट तोच असल्यामुळे रंगात फरक पडत नाही.

मावसभावाला मी सांगितलं ते हे: दहा माणसांना दोन कोंबड्या, शुक्रवारी रात्री मिठाच्या बिअरमध्ये बुडव, शनिवारी सकाळी काढून चपट्या कर आणि दुपारपर्यंत उघड्या सुकू दे. मुलांना गंमत दाखवायचीच असेल तर तिसरी एक स्टँडवर उभी कर, पण पहिल्यांदाच ग्रिल पेटवताना नको. त्याआधी थंड ग्रिलवर स्टँडसकट कोंबडी ठेवून झाकण नीट बसतं का ते बघ. 22 इंची गोल ग्रिलमध्ये सहसा बसतं, लहानात अडतं. ग्रिल अंगणातच ठेव, गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत नाही, कोळशाचा वायू वासाशिवाय जीव घेतो. आणि कापून काढलेले दोन कणे टाकू नकोस. थोडं पाणी, कांदा आणि मिरी घालून शिजव, रविवारच्या रश्शाला तेच पाणी घाल. फक्त मीठ शेवटी चाखून.