नागिणीची लस आणि माजी सैनिकाचा खिसा

नौदलातून निवृत्त होऊन वास्कोत स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झालेल्या ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा फार मोठा आधार आहे. वर्गणी एकदाच भरावी लागते (डिसेंबर 2017 च्या दरांनुसार हवालदार व समकक्ष पदांपर्यंत 30 हजार, तर अधिकाऱ्यांना 1 लाख 20 हजार रुपये) आणि त्यानंतर पती-पत्नी दोघांचे उपचार होतात. माझ्या थोरल्या भावाला, तेही माजी सैनिक, नागीण झाली तेव्हा फोड पंधरवड्यात सुकले, पण बरगडीखालची आग कित्येक महिने शमली नाही, सदऱ्याचा स्पर्शही त्यांना सहन होईना. त्या काळातल्या प्रीगॅबालिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधाच्या गोळ्या त्यांना योजनेच्या दवाखान्यातून, म्हणजे पॉलिक्लिनिकमधून, विनामूल्य मिळाल्या.

हे पाहून आम्ही उभयतांनी शिंग्रिक्स ही नागिणीची लस घेण्याचे ठरवले. 2023 पासून भारतात मिळणारी ही लस पन्नाशीपुढच्यांसाठी असून तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. आमच्या पॉलिक्लिनिकच्या औषधसाठ्यात ती नव्हती, तेथील डॉक्टरांनी बाहेरून घेण्याचा सल्ला दिला. एका मात्रेला दहा हजारांहून अधिक, म्हणजे दोघांचे मिळून चाळीस हजारांच्या वर. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या शिपायाच्या घराला हा खर्च पेलणारा नाही. आजार जडल्यावर महिनोन्महिने गोळ्या पुरवणाऱ्या योजनेने तो टाळणाऱ्या दोन सुयांचा भार उचलावा, असे मला मनापासून वाटते. बाजारातील खासगी आरोग्य विम्याकडे वळूनही फारसा उपयोग नाही, कारण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात आणि लशींपैकी फार तर प्राणी चावल्यानंतरच्या रेबीजच्या लशीचा खर्च देतात.

लस आम्ही मडगावच्या एका खासगी दवाखान्यात घेतली. परिचारिकेने शीतपेटीतून काढलेल्या दोन्ही कुप्या आम्हाला दाखवल्या, मुदत वाचून दाखवली, आमच्यासमोरच भुकटीत द्रव मिसळला आणि बॅच क्रमांकाची चिकटपट्टी कार्डावर लावली. हे काम चोख होते. मात्र फोनवर सांगितलेल्या किमतीत टोचणावळ धरलेली नव्हती, ती बिलात दिसली, आणि विचारल्यावर मिळालेले उत्तर तुटक होते. रात्री दंड ठणकला व कणकण आली, त्याची पूर्वकल्पना डॉक्टरांनी दिली होती. दुसरी मात्रा आम्ही तेथेच घेणार आहोत, पण निघण्यापूर्वी एकूण रक्कम विचारून घेऊ.