मोडी वाचून घ्यायचं असेल तर यांच्याकडेच द्या (आमच्या काळ्या पाण्याच्या कागदाचा अनुभव)

जुन्या मोडी लिपीतली चार पानं मोडी वाचणाऱ्या एका काकांकडे दिली होती, पानाला 300 रुपये घेतले, तीन आठवडे लागले, पण काम असं झालंय की पैसे आणि वेळ दोन्ही सार्थकी लागले.

आमच्या घरात पहिल्यापासून सांगतात की खापरपणजोबा 57 च्या बंडात होते म्हणून इंग्रजांनी त्यांना काळ्या पाण्यावर धाडलं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी कागद वाचून घेतलेला तिथेही ‘बंडावरून’ असंच लिहून मिळालं, चुलत्यांनी ते फ्रेम करून लावलं पण. ह्या काकांनी मात्र मला शेजारी बसवून भिंगातून एकेक अक्षर दाखवलं, मोडीत शब्द तोडत नाहीत, रेघेखाली सगळं सलग लिहीत जातात, आणि तिथे आहे ‘शेताचे बांधावरून’. वर शके 1796, म्हणजे 1874 साल, 57 चा संबंधच नाही. भाऊबंदांत बांधावरून मारामारी झाली, एक जण मेला, यांना जन्मठेप. खरं सांगतो, दोन मिनिटं मला काही बोलवेना.

अजून एक, आम्ही सेल्युलर जेल सेल्युलर जेल करत होतो, पण ती बांधायला सुरुवातच 1896 ला झाली आणि पूर्ण झाली 1906 ला. अंदमानातली कैद्यांची वसाहत मात्र मार्च 1858 पासूनची, पहिल्या बोटीत 200 कैदी होते. तेव्हाचे कैदी जंगल तोडायचे, रस्ते बांधायचे, गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर आणि शिक्षेची तारीख. बरीच वर्षं नीट वागला तर ‘सेल्फ सपोर्टर’चं तिकीट मिळायचं मग स्वतःची शेती करून खायचं, लग्नही करता यायचं, त्यांचे वंशज आजही पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) आहेत. म्हणजे तिकडेही आपलं कुणी असेल का हे आता डोक्यातून जात नाही. पुढचा शोध मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमध्ये राज्य पुराभिलेखागार आहे तिथे न्याय खात्याचे जुने दप्तर बघा असं काकांनीच सांगितलं, त्याचे वेगळे पैसे वगैरे काही नाही.

एक ओळ वाळवीने खाल्लीय, तिथे अंदाजाने काही न घुसडता टिंबं ठेवलीत, हे मला सगळ्यात आवडलं.

कागद म्हणजे खापरपणजीचा अर्ज आहे, नवरा काळ्या पाण्यावर गेला, जमीन मुलाच्या नावे करा म्हणून. आमच्या वंशावळीत एकाही बाईचं नाव नाही, इथे तिचं आहे. खाली शाईचा एक गोल आहे तो आम्ही इतकी वर्षं डाग समजत होतो. ती तिची सही आहे, निशाणी बांगडी.