‘नाशिकला थंडी कमी, लहान पाइप चालतो’ असं सांगून आमची झालेली फसवणूक

गंगापूर रोड, आनंदवल्ली, मखमलाबाद या भागात नवीन बंगल्यांच्या हॉलमध्ये फायरप्लेस करून घेणारे बरेच लोक दिसतात. आमच्याही घरी केली. एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये गेले. पैसे आज ना उद्या भरून निघतील, पण बंद खोलीत धूर कोंडून माझ्या वडिलांच्या जिवावर बेतलं होतं. तुमच्या घरी हे काम निघालं असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी हे पूर्ण वाचा.

माणूस ओळखीतून आलेला. इंटिरिअरची कामं घेणारा, बोलायला गोड. नाशिकजवळच्या निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी मोबाइलवर दाखवून म्हणाला, “काका, आता नाशिकची थंडी पूर्वीची राहिली नाही, तुमच्या वयाला ऊब पाहिजे.” बाबांना ते पटलं, कारण लष्करात असताना त्यांनी काश्मीरमध्ये बुखारीजवळ, म्हणजे तिथल्या धुराची नळी असलेल्या लोखंडी शेगडीजवळ, हिवाळे काढले होते. कोटेशनमध्ये सगळं व्यवस्थित लिहिलेलं: फायर ब्रिकची (जाळ सोसणाऱ्या विटांची) भट्टी, कास्ट आयर्नची जाळी, डॅम्पर (धुराडं उघडायची-मिटायची झडप) आणि ‘३०४ स्टेनलेस स्टीलचा दुहेरी भिंतीचा इन्सुलेटेड पाइप’. जीएसटी नंबर मात्र कुठंच नाही. विचारलं तर म्हणाला, “बिल काम संपल्यावर देतो, आत्ता घेतलं तर अठरा टक्के उगाच वाढतील.”

काम सुरू झालं तेव्हा बाबांनीच नेमका प्रश्न केला होता. “अहो, बुखारीची नळी सरळ छतातून वर जायची. तुम्ही भिंतीतून बाहेर का काढताय?” त्यावर तो म्हणाला, “काका, ते काश्मीर. आपल्याकडं थंडी ती केवढी? लहान पाइप चालतो. उगाच स्लॅब कशाला फोडायचा?”

गिऱ्हाईक गळाला लावताना निफाडची कडाक्याची थंडी आणि खर्च वाचवताना नाशिकची सौम्य थंडी! फसवणुकीचं मूळ ‘थंडी कमी, लहान पाइप चालतो’ या एका वाक्यात आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

धूर वर का जातो? धुराड्यातली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून हलकी असते. दोन्हींत जेवढा फरक जास्त आणि धुराडं जेवढं उंच, तेवढी ओढ जास्त. काश्मीरला बाहेर शून्याखाली असतं, त्यामुळं घरातल्या साध्या उबेनंही धुराडं ओढायला लागतं. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेर दहा-बारा अंश आणि घरात वीस-बावीस. म्हणजे पेटवताना ओढ बरीच कमी असते. जाळ चांगला धरला की धूर गरम होऊन आपोआप वर जातो, पण विस्तव मंदावला की पुन्हा तीच गत. आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू जास्त होतो तो नेमका धुमसणाऱ्या निखाऱ्यांत. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून थंडी सौम्य असली तर धुराडं लहान करून चालत नाही. उलट ते जास्त काळजीनं, उंच, सरळ आणि गरम राहील असं बांधावं लागतं. तो आम्हाला बरोबर उलटं सांगत होता, आणि धंदा हाच असल्यानं त्याला हे माहीत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

पहिल्यांदा पेटवली तेव्हाच हॉलभर धूर झाला. फोन केला तर म्हणाला, लाकूड ओलं आहे. ओलं लाकूड धुरकट जळतं हे खरंच आहे. तोडल्यावर निदान सहा महिने वाळलेलं लाकूड लागतं. त्यानं स्वतःच बाभळीच्या लाकडाची पोती महाग दरानं आणून दिली. तरी धूर तसाच. मग म्हणाला, नवीन आहे, जरा तापू द्या. मग खिडकी उघडी ठेवा. पुढं फोन उचलणं बंद झालं.

जानेवारीत एका रात्री जेवणं झाल्यावर विस्तव मंद होऊ दिला होता आणि बाबा तिथंच आरामखुर्चीत बसले होते. थोड्या वेळानं डोकं जड झालंय, मळमळतंय म्हणाले. उठायला गेले तर तोल जायला लागला. आईनं दारं-खिडक्या उघडल्या आणि आम्ही त्यांना बाहेर ओट्यावर बसवलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बंद खोलीत शेगडी किंवा कोळसा होता का?” बाबा सावरले, पण त्या रात्रीपासून आम्ही भट्टीला काडी लावलेली नाही.

शेवटी अंबड एमआयडीसीत औद्योगिक भट्ट्यांची कामं करणारे एक मिस्त्री घरी आले. त्यांनी काही फोडायच्या आधी उदबत्ती पेटवून भट्टीच्या तोंडाशी धरली. डॅम्पर उघडा होता, तरी उदबत्तीचा धूर आत जायच्या ऐवजी वळून आमच्याकडं आला. मग त्यांनी टेप लावला. भट्टीचं तोंड तीस बाय चोवीस इंच, म्हणजे ७२० चौरस इंच. धुराड्याचं छिद्र त्याच्या साधारण एक दशांश लागतं, म्हणजे दहा इंची गोल पाइप. आमच्याकडं सहा इंची होता. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम २८ चौरस इंच.

त्यानंतर भिंतीवरचं प्लायचं बॉक्सिंग उघडलं. आत स्वयंपाकघरातल्या चिमणीला लावतात तो ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप निघाला. कोटेशनमधलं स्टेनलेस फक्त भिंतीबाहेर, जिथं डोळ्यांना दिसतं तिथंच. वळणावर पाइप चिमटला होता, सांध्याला चांदीची चिकटपट्टी गुंडाळलेली, तिचा डिंक वितळून खाली ओघळलेला. त्याला टेकलेलं प्लाय हाताएवढ्या भागात काळं पडलं होतं आणि नख लावलं तर कोळशासारखं सुटत होतं. आणखी काही रात्री पेटवली असती तर आग भिंतीत लागली असती, असं मिस्त्री म्हणाले. भट्टीच्या विटाही साध्या लाल, वर रंग दिलेल्या आणि सिमेंटनं जोडलेल्या. सांध्यांना तडे गेलेलेच होते. फायर ब्रिक फिकट पिवळसर आणि हाताला जड लागते, तिचे सांधे फायर क्लेनं भरतात. बाहेर पाइपचं तोंड टेरेसच्या कठड्याच्याही खाली होतं. खरं तर ते छतापासून निदान तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, मग ती पाण्याची टाकी असो की जिन्यावरची खोली, त्याहून दोन फूट वर असायला हवं.

म्हणून माझी विनंती आहे, मॅन्टल (भट्टीवरची शोभेची फळी), दगड, डिझाइन याआधी धुराड्याचं बोला. पाइप किती इंची, कुठून कुठं जाणार, किती वळणं, तोंड कुठं उघडणार, हे कागदावर लिहून घ्या. पाइप बॉक्सिंगमध्ये झाकण्याआधी फोटो काढा आणि तोपर्यंत निम्म्याहून जास्त पैसे देऊ नका. लोहचुंबक लावून बघा. ३०४ ला तो सहसा चिकटत नाही, साध्या पत्र्याला घट्ट चिकटतो. जीएसटी नंबर घेऊन जीएसटी पोर्टलवर तपासा, फुकट दिसतो.

आणि गरज आहे का, हेही बघा. आपल्याकडं हिवाळ्यातही दुपारी तीस अंशांच्या आसपास जातं, ऊब हवी ती रात्री आणि पहाटे. उघड्या फायरप्लेसची बहुतेक उष्णता धुराड्यातूनच निघून जाते. दोन हजार वॅटचा ऑइल हीटर तासाला जास्तीत जास्त दोन युनिट खातो, धूर नाही की राख नाही. बाबांच्या खोलीत आता तोच आहे. स्पिरिटवर चालणाऱ्या, ‘चिमणीची गरजच नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फायरप्लेसही खोलीतलाच ऑक्सिजन वापरतात, त्यामुळं खिडकी थोडी उघडी लागतेच. आणि ती तापलेली असताना इंधन ओतणं म्हणजे भडका.

आम्ही पैसे बँकेतून दिले होते, कोटेशन आणि व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवले होते आणि बॉक्सिंग उघडताना व्हिडिओ काढला. त्या जोरावर नोटीस पाठवून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि २०१९ च्या कायद्यामुळं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

ज्यांच्याकडं आधीच बसवलेली आहे, त्यांनी या हिवाळ्यात पेटवण्याआधी उदबत्ती धरून बघा, आणि धूर खोलीत आला तर बॉक्सिंग उघडून पाइप बघितल्याशिवाय काडी लावू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, तो त्याच खोलीत लावा. आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.