ओपन पीएस२ लोडर: स्वतःच्या डिस्कची प्रत आणि कायद्याची चौकट

सोनीच्या प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलमध्ये मूळ डिस्क न घालता गेम चालवून देणारा 'ओपन पीएस२ लोडर' हा मोफत प्रोग्रॅम मी गेले आठ महिने वापरत आहे. हैदराबादमध्ये तयार होऊन २००९ साली आलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' आणि अशाच इतर काही जुन्या डिस्क माझ्या संग्रही आहेत. एकदा ओरखडा खोल गेला की तो गेम कायमचा हातचा जातो, म्हणून प्रत काढून ठेवणे मला गरजेचे वाटले.

संगणकाच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमधून डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असलेली एकच फाइल, तयार होते. या डिस्कवरील मजकूर कूटबद्ध नसल्यामुळे प्रत काढताना कोणतेही कुलूप तोडावे लागत नाही. मात्र डिस्क अस्सल आहे का, ही कन्सोलची तपासणी लोडर टाळतो आणि कायद्याचा प्रश्न तिथेच उभा राहतो.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ (१) मधील 'एए' हा खंड संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, हानी किंवा नाश यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, बॅकअप काढू देतो, तर 'एडी' हा खंड वैध मार्गाने मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी, वैयक्तिक वापरासाठी प्रत काढण्यास मुभा देतो. गेममध्ये केवळ प्रोग्रॅम नसतो, संगीत आणि चित्रफितीही असतात. त्यांच्यासाठी खासगी वापरापुरता उचित व्यवहार मान्य करणाऱ्या त्याच कलमातील पहिल्या खंडाचा आधार घ्यावा लागतो. तांत्रिक संरक्षण भेदण्याविषयीचे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूवर बेतलेले आहे. त्यामुळे स्वतःची डिस्क स्वतःच्या कन्सोलवर चालवणारा माणूस त्यात सापडत नाही, असे मी हे कलम वाचतो. अमेरिकेतील मराठी वाचकांनी मात्र हा निष्कर्ष तिथे लावू नये, कारण तिथल्या १९९८ च्या कायद्यात असे संरक्षण भेदणे हाच स्वतंत्र कायदेभंग आहे.

कन्सोलसाठी हार्ड डिस्क घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने "साठ गेम भरूनच देतो" असे सहज सांगितले. या व्यवहाराला वरीलपैकी कोणत्याही खंडाचे संरक्षण नाही, आणि मूळ डिस्क विकून फाइल ठेवून घेणाऱ्यालाही नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यासाठी कलम ६३बी मध्ये किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आहे. मी कोरी हार्ड डिस्क घेतली.

लोडर म्हणून हा प्रोग्रॅम उत्तम आहे. पेनड्राइव्हवरून मात्र चित्रफिती अडखळतात, कारण या कन्सोलचे यूएसबी १.१ प्रकारचे असून त्याचा वेग सेकंदाला कमाल १२ मेगाबिट इतकाच आहे. शिवाय एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठ्या फाइलचे तुकडे करावे लागतात. संगणकावरील फोल्डर लॅन (नेटवर्क) केबलने कन्सोलला जोडल्यावर माझे हे दोन्ही त्रास संपले. सडपातळ मॉडेलमध्ये लॅनचे पोर्ट मुळातच असते. जुन्या जाड मॉडेलला नेटवर्क अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यास हार्ड डिस्क थेट कन्सोलमध्येच बसवता येते. माझ्या अनुभवात हीच मांडणी सर्वांत भरवशाची ठरली.