घरच्या घरी गर्भचाचणी करण्याचे किट: वापरानंतरचा अभिप्राय

पाळीच्या तारखेला तीन दिवस असताना मी पहिली चाचणी केली, तेव्हा पट्टीवर एकच रेषा, म्हणजे 'गर्भधारणा नाही' असे उत्तर आले आणि ते अंतिम समजून मी पुढचे चार दिवस खिन्न मनाने काढले. तारीख उलटल्यानंतर त्याच प्रकारच्या दुसऱ्या किटवर दोन रेषा उमटल्या. पहिल्या किटमध्ये दोष नव्हता. माझी घाई नडली होती.

हे किट लघवीतले एचसीजी हे संप्रेरक ओळखते. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजल्यानंतरच ते शरीरात तयार होऊ लागते, आणि हे रुजणे बीजकोशातून बीज बाहेर पडल्यानंतर साधारण 6 ते 12 दिवसांनी होते. सुरुवातीला त्याचे प्रमाण दर दोन-तीन दिवसांनी जवळपास दुप्पट होत जाते. त्यामुळे आज कोरी दिसणारी पट्टी चार दिवसांनी वेगळे उत्तर देऊ शकते. पाळी चुकल्यानंतर, सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली चाचणी म्हणूनच अधिक भरवशाची ठरते.

वापरायला हे किट सोपे आहे. ड्रॉपरने सांगितलेले थेंब टाकायचे आणि पाच मिनिटे थांबायचे. पट्टीवरच्या 'सी' या अक्षरासमोरची रेषा चाचणी नीट झाल्याची खूण असते; ती आली नाही, तर चाचणी बाद समजायची. 'टी'समोरची रेषा गर्भधारणेची; ती फिकट असली, तरी तिला रंग असेल तर ती आहे असेच धरायचे. मात्र माहितीपत्रकात दिलेली वेळ उलटल्यावर दिसणारी करडी, बिनरंगी रेषा लघवी सुकल्यामुळेही येते, आणि ही महत्त्वाची सूचना माझ्या किटमध्ये इतक्या बारीक अक्षरांत होती की ती मला भिंगाखाली धरून वाचावी लागली.

माझी खरी तक्रार आहे ती माहितीपत्रक जिथे संपते त्याबद्दल. दोन रेषा दिसल्यानंतर बाईच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, त्यांतल्या एकाचेही उत्तर त्यात नाही. मी मनाशी दोन आठवडे मोजले होते आणि डॉक्टरांनी चार सांगितले, कारण आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. हे एक वाक्य छापलेले असते, तर माझा केवढा गोंधळ वाचला असता. लगेच सोनोग्राफी केली तर बहुधा काहीच दिसत नाही आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागते, हृदयाचे ठोके सहाव्याच्या आसपास. थकवा, स्तनांतला हुळहुळेपणा आणि वारंवार लघवीला जावे लागणे मला लगेच जाणवले, मळमळ मात्र सहाव्या आठवड्यात सुरू झाली. तोवर ती नाही म्हणून मी उगाच काळजी करत होते.

फॉलिक ॲसिडचा उल्लेखही त्यात नसावा, याचे मला वाईट वाटले. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत, म्हणजे पाळीवरून मोजलेल्या सहाव्या आठवड्यापर्यंत, मिटते. म्हणून रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी खरे तर गर्भधारणेपूर्वीच सुरू करायची असते, आणि ती राहून गेली असेल तर दोन रेषा दिसल्या त्याच दिवसापासून.

सर्वांत गंभीर उणीव वेगळीच आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजला असला, तरीही पट्टीवर दोनच रेषा येतात. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणे, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाशी वेदना किंवा भोवळ यांपैकी काहीही झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे, ही सूचना वेष्टनावरच ठळक हवी होती. काही वेळा दोन रेषा दिसतात आणि थोड्याच दिवसांत पाळी येते. इतक्या लवकर थांबलेल्या गर्भधारणेमागे बहुतेकदा गुणसूत्रांतला दोष असतो, त्या बाईच्या हातून काही चुकलेले नसते, आणि हे तिला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

वंध्यत्वाच्या उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतलेल्यांनी चाचणीची तारीख डॉक्टरांनाच विचारावी, कारण त्या औषधामुळेही दुसरी रेषा येऊ शकते. इतरांना मी हे किट नक्की सुचवेन. शक्यतो दोन एकदम घ्यावीत. पाळी चुकूनही पहिल्यावर एकच रेषा आली, तर दुसरे आठवड्याने वापरता येते, आणि तरीही उत्तर तेच आले व पाळीही आली नाही, तर डॉक्टरांकडे जावे.