ट्रेलरचा प्लग जळला: पुन्हा तोच बसवायचा की पद्धतच बदलायची?

कॅम्पिंगच्या ट्रेलरला (चाकांवरच्या फिरत्या घराला) बाहेरून वीज आणणारी केबल काढल्यावर ट्रेलरच्या सॉकेटमध्ये एका पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसलं, की आधी सुचतं ते पॉलिशपेपरने पिन घासायचं. हा पर्याय सरळ बाद करा. पिनेवरचा काळा थर निघेल, पण पिनेला आतून धरणारी धातूची पत्ती एकदा तापून नरम पडली की तिची पकड परत येत नाही. एसी चालू झाला की तीच जागा पुन्हा तापते.

हे सगळं होताना ब्रेकर पडत नाही, कारण तो फक्त करंट बघतो. अमेरिका-कॅनडातली ३० अँपिअरची ट्रेलर जोडणी १२० व्होल्टची, म्हणजे फार तर ३,६०० वॅट. १३,५०० बीटीयूचा एसी साधारण १२-१४ अँपिअर ओढतो, वॉटर हीटरचा १,४०० वॅटचा एलिमेंट जवळपास १२. दोन्ही मिळून ब्रेकरच्या मर्यादेत, पण तासन् तास. लूज जोडात ०.१ ओहम रोध असला आणि २० अँपिअर वाहत असले, तर त्या एका पिनेवर ४० वॅट उष्णता तयार होते. ३० अँपिअरला ती ९० वॅट होते. बंद प्लगच्या आत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवावं, तसाच हा प्रकार. पेडेस्टलवर (कॅम्पच्या जागेवरच्या वीजखांबावर) लावायचं ईएमएस, म्हणजे व्होल्टेज आणि वायरिंग तपासून गरज पडली तर वीज तोडणारं उपकरण, तेही इथे फारसं कामाचं नाही. या जोडात व्होल्टेज पडतं जेमतेम २ व्होल्ट, आणि तेवढ्यावर ते वीज तोडत नाही. कमी व्होल्टेज आणि चुकीच्या वायरिंगसाठी ते जरूर घ्या, फक्त जळक्या प्लगवरचा इलाज समजू नका.

आता पर्याय. पहिला म्हणजे पूर्वीसारखाच ट्विस्ट-लॉक, म्हणजे फिरवून अडकवायचा प्लग. स्वस्त, सहज मिळणारा, आणि केबल खराब झाली तर शेजारच्या ट्रेलरवाल्याचीही चालते. त्याची कमजोरी अशी की वक्र पात्यांचा संपर्क मुळातच थोडा असतो, आणि तोही प्लग आत घालून पूर्ण फिरवला तरच नीट मिळतो. वरची रिंग आवळली नाही, तर जाड केबलचं सगळं वजन त्या पात्यांवर लोंबकळतं. बरेच जण प्लग नुसता खुपसतात, रिंग तशीच राहते.

दुसरा पर्याय स्मार्टप्लगचा (हे या कनेक्टरच्या ब्रँडचं नाव, वाय-फायवाला प्लग नव्हे). हा सरळ आत जातो, फिरवायचा नसतो. संपर्काची जागा बरीच मोठी असते आणि बाजूच्या खिट्ट्या प्लगला धरून ठेवतात. केबल शाबूत असेल तर तिच्या टोकाला नुसता नवा कनेक्टर बसवता येतो. पण किंमत बरीच जास्त, आणि प्रवासात केबल बिघडली तर तशीच दुसरी हाताशी मिळेल याची खात्री नाही.

तिसरा पर्याय लोक विसरतात: केबल कायमची आत जोडून कप्प्यात गुंडाळून ठेवायची. ट्रेलरच्या बाजूचा काढघालीचा जोडच उरत नाही. कप्प्याला जागा मात्र हवी, आणि केबल बदलायची तर वायरिंग उघडावं लागतं.

पेडेस्टलवरच्या ५० अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर लावून वापरणं हा चौथा पर्याय म्हणून सांगितला जातो. पेडेस्टलवरचं ३० चं सॉकेट झिजलेलं असेल तर त्याने सुटका होते, पण ट्रेलरच्या बाजूचा जळका जोड तसाच राहतो आणि मध्ये आणखी एक जोड वाढतो.

माझं मत: शनिवार-रविवारपुरते जात असाल आणि एसी क्वचित लागत असेल, तर चांगल्या प्रतीचा ट्विस्ट-लॉक पुरे. उन्हाळाभर एका जागी राहून एसी चालवणार असाल तर स्मार्टप्लगचे पैसे घाला. तिथे मी कंजूषपणा करणार नाही.

काहीही निवडा, सॉकेट आणि केबलचं टोक दोन्ही एकदमच बदला. जळकी पिन नव्या सॉकेटलाही खराब करते. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, आणि स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, म्हणून मोसमाच्या सुरुवातीला वीज पूर्ण तोडून पुन्हा तपासा. प्लग लावताना-काढताना पेडेस्टलचा ब्रेकर बंद हवा, नाहीतर ठिणगीने पिनेवर खड्डे पडतात. नवीन बसवल्यावर एसी अर्धा तास चालवून प्लगच्या बाहेरच्या भागाला हात लावून बघा. केबलपेक्षा प्लग स्पष्टपणे गरम लागला, तर ब्रेकर बंद करा आणि जोडणी पुन्हा उघडा.